चालीचे राजकारण: मास्तर कृष्णरावांचे ‘वंदे मातरम्’

फुलंब्री हे गाव मराठी संगीताच्या इतिहासात येते ते आडनावातून. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (1898–1974) यांचा जन्म मात्र आळंदीचा. ज्या गीतासाठी त्यांनी पुढे दिल्लीपर्यंत धडक मारली, त्याच गीतासाठी 1938 साली फुलंब्रीजवळच्या औरंगाबादेत, निजामाच्या एकतंत्री राजवटीत, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी संप केला. वसतिगृहातील प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास त्यांना मनाई झाली होती. आंदोलन उस्मानिया विद्यापीठात पसरले. काढून टाकलेल्या अनेकांना नागपूरने आसरा दिला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवल्या, की संगीतसमीक्षेने बहुधा टाळलेला प्रश्न उभा राहतो: दडपशाहीत गीत राजकीय ठरते ते शब्दांमुळे की चालीमुळे?

औरंगाबादेत चाल गौण होती. उच्चार हीच कृती होती, आणि बंदी घालणाऱ्याला राग कोणता याच्याशी कर्तव्य नव्हते. म्हणजे प्रयोगशील संगीतकाराचे जे खास कर्तृत्व, त्याला या संघर्षात जागाच नव्हती. हान्स आइस्लरने शोनबर्गची शिकवण बाजूला ठेवून कामगारांसाठी समूहगीते रचली, तेव्हा त्याच्यापुढेही हाच पेच होता.

भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याची गायकी अनपेक्षित वळणांची, खेळकर. ‘वंदे मातरम्’साठी त्यांनी सोपा झिंझोटी निवडला, कारण ते समूहाला गाता यायला हवे होते. 25 ऑगस्ट 1948 रोजी नेहरूंनी घटना समितीत आक्षेप घेतला तो नेमका सुरावटीवर: वाद्यवृंदाला ती सोयीची नाही. (फुलंब्रीवर तेव्हाही निजामाचाच अंमल होता, तो संपायला आणखी तीन आठवडे लागले.) कृष्णरावांनी बँडवर चाल वाजवून घेतली, सदस्यांपुढे प्रात्यक्षिके केली. 24 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला मिळाला, ‘वंदे मातरम्’ला समान आदराचे आश्वासन.

चरित्रपर लेखनात हा प्रसंग अन्यायाची कथा म्हणून येतो. ते वाचन भाविक आहे आणि अपुरेही. बंदीच्या काळात जिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, ती चाल इथे प्रथमच राजकीय वादाचा विषय झाली. संगीतकाराला हवी असलेली प्रस्तुतता मिळाली ती सत्तांतरानंतर. तिची किंमत मात्र मोठी होती. ख्यालगायकाला आपली रचना बँडच्या, म्हणजे साम्राज्याच्या लष्करी वाद्यमेळाच्या, निकषावर सिद्ध करावी लागली. त्या निकषालाच हरकत घेण्याची वाट त्यांनी घेतली नाही.

1956 साली डॉ. आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेला चाल दिली, तेव्हा हा निकष गळून पडला होता. गाणारा समाज समोर होता, आणि पाली उच्चारांना जपणारा स्वर तेवढा शोधायचा होता.