‘स्टेज’ आणि वर्गखोली : आदिवासी विद्यार्थ्याच्या भाषेचा प्रश्न

बाहेरून आलेला समाज मूळ रहिवाशांच्या भूमीवर कायमचा वसतो आणि त्यांच्या भाषा-स्मृतीचीही जागा घेतो, यास स्थायिक वसाहतवाद म्हटले जाते. अशा आक्रमणास पॅट्रिक वुल्फ घटना न मानता टिकून राहणारी रचना मानतात. कॅनडातील निवासी शाळा हे तिचे शैक्षणिक रूप होय. तेथील सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये त्यास सांस्कृतिक वंशसंहार म्हटले.

ही संकल्पना मराठी समीक्षेत जशीच्या तशी उचलणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. आपल्याकडील आश्रमशाळा दुर्गम पाड्यांवरील अनेक मुलांसाठी शिक्षणाचा एकमेव मार्ग ठरल्या. तथापि, वर्गात कोणाचे बोलणे ज्ञान ठरते, हा प्रश्न उरतोच.

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता येथे उपयोगी पडते. आदिवासींचे दुःख इतर लोक व्यासपीठावरून सांगतात आणि ज्यांचे ते दुःख, ते खाली बसून ऐकतात, असा तिचा आशय आहे. चळवळीतील नेतृत्वावरील टीका म्हणून ती वाचली जाते. परंतु ती वर्गखोलीचीही कविता आहे. मेळघाटातील कोरकू मूल पहिलीत येते तेव्हा त्याची भाषा मुंडा शाखेची आणि पुस्तकाची भाषा आर्य कुळातील असते. तिला मराठीची ‘बोली’ समजणे ही निव्वळ अज्ञानाची सोय होय. अर्थात, भिल्ल कवीच्या या तक्रारीलाही मराठीच्याच व्यासपीठावर यावे लागले, हे विसरता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा ऐकणाऱ्यांनीच स्टेजवर पाऊल ठेवले. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने मान्यतेअभावी ती अनधिकृत ठरविली. त्यासाठी आधार होता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा. याच कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते, आणि संविधानाचे कलम ३५० (अ) प्राथमिक स्तरावर तशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यावर सोपविते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक, तर संस्कृत मातृभाषा सांगणाऱ्यांची २४,८२१ होती. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही.