चाल कुणाची, भजन कुणाचं?

गिरगावात प्रार्थना समाजाचं मंदिर आहे, आणि आंब्रोलीचं चर्चही आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तुकोबांचे अभंग उपासनेत घेतले. चर्चमधली मंडळीही मराठीतच गातात. कधी अभंगाच्या वळणावर, कधी युरोपातून आलेल्या चालीवर. आज आम्हाला एवढंच विचारायचं आहे की, ख्रिस्ती भजनाची चाल ‘आपली’ आहे हे ठरवायचं कशावरून?

नेहमीचं उत्तर सोपं असतं. अभंग-ओवी ती आपली, विलायतेहून आली ती परकी. हे उत्तर आम्हाला पटत नाही. एखादी गोष्ट कुठून आली यावरून तिची किंमत ठरवणं हा तर्कदोष आहे. भजनांच्या बाबतीत तर तो लगेच उघडा पडतो. ‘देवळातली किंवा फडावरची चाल चर्चमध्ये कशी चालेल?’ अशी शंका काढणाऱ्यांनी हान्स लिओ हास्लर आठवावा. या जर्मन संगीतकाराने १६०१ मध्ये छापलेलं एक गाणं चक्क प्रेमगीत होतं. पुढे त्याच चालीवर ख्रिस्ताच्या दुःखाचं भजन बसलं. पाउल गेरहार्टने लॅटिनवरून त्याचे जर्मन शब्द केले, आणि बाखने ती चाल आपल्या ‘मॅथ्यू पॅशन’मध्ये पुनःपुन्हा वापरली. आज ती ऐकताना प्रेमगीत कुणाला आठवतं? म्हणजे पवित्र चालीचाही उगम पवित्र असतोच असं नाही.

मग कसोटी कोणती? आमच्या मते, शब्द चालीत नीट बसतो की नाही, ही. इंग्रजी भजनाचा छंद आघातावर चालतो. ठरावीक जागी जोर येणार, तिथे तसाच शब्द हवा. मराठीत असा ठसठशीत आघात नाही; आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचं. आता ‘त्या दिनी’ यातला ‘दि’ लांब सुरावर पडला, की ऐकणाऱ्याला दिवस न दिसता ‘दीन’ दिसतो! कुणी म्हणेल, अभंगातही आपण अक्षरं लांबवतोच की. लांबवतो, पण कुठे लांबवायचं ते अर्थ पाहून गाणारा ठरवतो. बाहेरून आलेल्या चालीत ती जागा आधीच पक्की असते, आणि अनुवादकाला तिथे शब्द कोंबावा लागतो. दोष चालीच्या जन्मगावाचा नाही, या कोंबण्याचा आहे.

हे ज्यांना कळलं त्यांची कामं टिकली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत, आणि तेही सुमारे ११ हजार ओव्यांचं. माणूस परदेशी, कथा बायबलची, पण चाल इथल्या जिभेची. नंतर नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांत हा पूल जाणवतो. तिथे शब्द आणि चाल एकदमच जन्मल्यासारखी वाटतात.

गंमत अशी की उलट प्रवासातही तेच घडलं. निकल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्याने टिळकांच्या भजनाचा इंग्रजी अनुवाद केला, तो पाश्चात्त्य भजनसंग्रहांत गेला. अनुवाद प्रामाणिक आहे. पण तो ८-६-८-६ अशा इंग्रजी मापात आहे. आपल्या मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४. तो शेवटचा आखूड चरण म्हणजे थांबा असतो, तिथे टाळ वाजतो, मागचे गाणारे उचलतात. इंग्रजीच्या समतोल मापात या थांब्याला जागाच नाही. आशय पोचला, श्वास राहून गेला.

पण टिळकांचं कौतुक करताना आपण एक अन्याय करतो, हेही सांगायला हवं. पाश्चात्त्य भजनसंग्रहात कवीबरोबर चालीचं नाव, तिचा कर्ता, तिचं माप छापलेलं असतं. आपली जुनी रीत म्हणजे माथ्यावर ‘चाल – अमुक’ एवढंच लिहायचं. ते ‘अमुक’ गाणं विसरलं गेलं, की चालही गेली. तिला रूप देणारे अहमदनगरकडचे ख्रिस्ती कीर्तनकार, पेटीवाले, मृदंगवाले बहुतेक निनावीच राहिले. शब्द पुस्तकात सुरक्षित आहेत, चाली मात्र म्हाताऱ्या गळ्यांत आहेत.

गिरगाव-परळमधून माणसं उपनगरांत चालली, मुलं इंग्रजी शाळांत गेली. उद्या ही मुलं टिळकांचे शब्द वाचतीलही, गातील कशावर? तेव्हा घरात, मंडळीत कुणी सत्तरी-ऐंशीचं असेल, तर या रविवारी त्यांच्यापुढे फोन ठेवा आणि गायला सांगा. चाल कुणाकडून शिकलात, तेही विचारा. आपली चाल म्हणजे आपण सांभाळली ती.