लौकिक नेमका कोणाचा?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी प्रश्न निघतो : मुंबई विद्यापीठ चांगले की पुणे? प्रश्न साधा वाटतो. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे, आणि तिची किंमत विद्यार्थी मोजतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे त्याचे मूळ काम, शिकवणे महाविद्यालयांचे. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे, तर पुणे विद्यापीठ १९४९ चे. म्हणजे फर्ग्युसनचे नाव झाले ते पुणे विद्यापीठ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. इथे लौकिक विद्यापीठाने महाविद्यालयाला दिला नाही. महाविद्यालयाने तो विद्यापीठाला आंदण दिला.

दुसरा लौकिक विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्यापासून सुरू झालेला आणि पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी घडवलेला मुंबईचा समाजशास्त्र विभाग हे त्याचे ठळक उदाहरण. १९३३ साली सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग हे दुसरे. पण २००८ मध्ये या विभागाच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती वेगळी झाली. १८५४ पासूनचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. इमारत तीच, शिक्षक तेच. लौकिकाचे खाते मात्र बदलले.

केंद्र सरकारच्या क्रमवारीने, म्हणजे २०१६ पासून जाहीर होणाऱ्या ‘एनआयआरएफ’ने, हा गुंता सुटत नाही. तिच्या विद्यापीठांच्या यादीत शंभरांपैकी तीस गुण संशोधनाला आहेत, आणि दहा ‘लोकांच्या मता’ला. संशोधन मुख्यतः विभागांत होते. तालुक्याच्या गावी बी. ए. करणाऱ्या मुलीला त्याचा थेट उपयोग थोडाच. आणि लोकांचे मत म्हणजे पुन्हा लौकिकच. लौकिक मोजण्यासाठी लौकिकाचेच माप!

मग विद्यापीठाचे नाव अगदीच निरर्थक का? तसेही नाही. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा नामवंत महाविद्यालयातला विद्यार्थी आणि साध्या महाविद्यालयातला विद्यार्थी एकाच रांगेत ताटकळले. अभ्यासक्रम, परीक्षा, वेळेवर निकाल ही विद्यापीठाची जबाबदारी. त्याला जोखायचे ते याच कसोटीवर. अध्यापनाची कसोटी महाविद्यालयाला लावावी. मंजूर पदांपैकी किती कायम शिक्षकांनी भरली आहेत? ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का? पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचतात? ‘नॅक’ला दिलेल्या अहवालात यातले बरेच सापडते, आणि तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडून पाहणारे पालक मात्र विरळाच.

प्रश्न एका प्रवेशापुरता नाही. चांगले विद्यार्थी नावाकडे जातात, म्हणून नाव आणखी वाढते; गावातले महाविद्यालय रिकामे होते, त्याची पदे भरली जात नाहीत, आणि ‘तिथे काही राम नाही’ हे भाकीत आपोआप खरे ठरते. मग वसतिगृहाचा खर्च परवडतो तो शहरात जातो. ज्या मुलीला घरचे बाहेर पाठवत नाहीत, तिच्या वाट्याला ते रिकामे महाविद्यालय येते. कोणते विद्यापीठ मोठे, हा वाद आपण वर्षानुवर्षे घालतो आहोत. तिला शिकवायला वर्गात कोण उभे आहे, हे विचारायचे मात्र राहून जाते.