खेळण्याचे रूप आणि खेळातील मोकळी जागा

रोलाँ बार्थ यांच्या ‘मितोलोजी’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात खेळण्यांविषयी एक छोटा निबंध आहे. निबंध दोन-तीन पानांचाच; परंतु त्यातील आरोप मोठा आहे. बार्थ यांच्या मते तत्कालीन फ्रेंच खेळणी म्हणजे प्रौढांच्या जगाची खुजी प्रतिकृती होय. सैन्य, टपालखाते, दवाखाना, शाळा, विमान ही सारी तयार रूपात मुलाच्या हाती येतात. त्यामुळे मूल वस्तूचा निर्माता न होता केवळ धनी आणि उपभोक्ता होते. याला अपवाद म्हणून ते बांधणीच्या ठोकळ्यांकडे बोट दाखवितात आणि प्लॅस्टिकच्या निर्जीव स्पर्शासमोर लाकडाची ऊब ठेवतात.

मालक आणि निर्माता हा भेद मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो ज्या वर्गीकरणावर उभा केला आहे ते तपासून पाहिले पाहिजे. लाकडी खेळण्यांची थोरवी सांगताना बार्थ ज्यांच्या लोपाची हळहळ व्यक्त करतात ती व्होज प्रांतातील खेळणी कोणती? जनावरांसह कोरलेली लाकडी शेतवाडी! शेतवाडी ही प्रौढांच्या जगाची प्रतिकृती नव्हे काय? म्हणजे एकाच निबंधात प्रतिकृती कधी दोषी ठरते, तर कधी केवळ लाकडाच्या पुण्याईने सुटते. येथे विचाराची जागा अभिरुचीने घेतली आहे.

ठोकळ्यांचेही तसेच. १८३७ नंतर फ्रेडरिक फ्रोबेल यांनी रचलेल्या ‘देणग्यां’पैकी तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन. याहून मोकळे खेळणे शोधून सापडावयाचे नाही. तथापि त्या परंपरेत संचातील प्रत्येक ठोकळा वापरलाच पाहिजे आणि नवी रचना जुनी मोडून न टाकता तीतूनच घडविली पाहिजे, असा दंडक होता. वस्तू मोकळी, पण खेळ बांधलेला. केवळ वस्तूकडे पाहून खेळाविषयी निर्णय देणाऱ्या समीक्षेची मर्यादा येथे स्पष्ट होते.

या दृष्टीने मराठी घरांतील भातुकलीचे उदाहरण उद्बोधक आहे. चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणे, जाते, उखळ, पाटा-वरवंटा, बंब, घागर हा पितळ, तांबे, दगड, लाकूड वा माती यांत घडविलेला संसार म्हणजे प्रौढांच्या जगाची हुबेहूब प्रतिकृतीच. बार्थ यांच्या कसोटीने भातुकली पूर्णतः दोषी ठरावी. प्रत्यक्षात मात्र या प्रतिकृतीत एक विशेष आहे : तिच्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू रिकामी आहे. भांड्यात काय शिजते हे भांडे सांगत नाही. कधी खरोखरीचे चुरमुरे आणि गूळ-दाणे त्यात पडतात, कधी चिंचेचा पाला ही भाजी होते आणि ओली माती हा भात. जाते फिरते, पण दळण कशाचे हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असते. याउलट आज जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्वयंपाकसंचांपैकी काहींत पदार्थ अगोदरच साच्यातून तयार होऊन आलेला असतो. अशा संचात मांडण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. दोन्ही खेळणी प्रतिकृतीच आहेत. पण एक क्रियेची प्रतिकृती आहे, दुसरी फलिताची. बार्थ यांच्या निबंधात हा भेद नाही, आणि तो नसल्यामुळेच लाकूड व प्लॅस्टिक यांच्या द्वंद्वाला तेथे अवास्तव महत्त्व आले आहे. (पितळी तवा हाताला काही ऊबदार लागत नाही.)

लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या आणि १९६६ साली रशियन भाषेत प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानातील एक निरीक्षण येथे उपयोगी पडते. मुलाच्या खेळात काठी घोडा होते, टपालाचे कार्ड मात्र घोडा होऊ शकत नाही. कारण काठीवर स्वार होता येते, कार्डावर नाही. काठीचे घोड्याशी रूपसाम्य नाममात्रही नाही. आहे ती क्रियेची सोय. म्हणून ‘वास्तवदर्शी’ आणि ‘मुक्त’ अशी खेळण्यांची जी विभागणी सामान्यतः केली जाते ती अपुरी ठरते. खेळणे कशासारखे दिसते याच्या जोडीला ते काय करू देते आणि काय भरावयाचे शिल्लक ठेवते, हेही विचारावे लागते.

एवढ्याने बार्थ यांचा मूळ आरोप निकालात निघाला असे मात्र नव्हे. भातुकलीची भांडी रिकामी असली तरी चुलीपुढची जागा रिकामी नव्हती. ती मुलीची, हे खेळ मांडण्यापूर्वीच ठरलेले असे. मुलगा आला तर पाहुणा म्हणून, बाजारहाट करणारा म्हणून किंवा बाहुलीच्या लग्नात वरपक्ष म्हणून. खेळात सासू होणारी मुलगी सासूचा खाष्टपणा इतका वाढवून दाखविते की त्याचे हसे होते, हे खरे. अनुकरणात असे विडंबन सहज मिसळते आणि बार्थ यांच्या निबंधात त्याला स्थान नाही. पण विडंबन करणारी तीच मुलगी खेळ संपल्यावर भांडी घासून, पुसून, डब्यात भरून ठेवीत असे, आणि पाहुणा तोवर अंगणात निघून गेलेला असे.