फुलंब्रीकरांच्या रंगमंचावर पुढचं संगीत नाटक कोणतं लागणार?

जालन्यातल्या नाट्यगृहावर मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे. शेजारच्या संभाजीनगरात नाट्यगृहांना एकनाथ आणि तुकाराम या संतांची नावं दिली गेली. जालन्यानं नाटकांना चाली लावणाऱ्या गवयाचं नाव निवडलं, आणि ही निवड मला फार मोलाची वाटते. बुवांचा जन्म १८९८चा, आळंदीचा. पण आडनावात जपलेली फुलंब्री आपल्याच मुलखातली. त्या पाटीखालून आत शिरताना दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. संगीतकाराच्या नावाच्या या घरात पुढचं संगीत नाटक कोणतं लागणार?

राज्य नाट्य स्पर्धेचं जालना केंद्र इथं भरतं, तेव्हा रोज पडदा उघडतो आणि गावोगावची हौशी मंडळी आपापली नाटकं घेऊन येतात. वर्षातले ते दिवस सोडले तर जिल्ह्याच्या कुठल्याही नाट्यगृहासारखाच क्रम असतो: स्नेहसंमेलन, सत्कार, शिबिर, मध्येच मुंबईहून दौऱ्यावर आलेलं एखादं विनोदी नाटक. संगीत नाटक या साऱ्यात क्वचित.

हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर विचारतात, तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो. तिथं ४१ थिएटरं. एक संगीतिका एका थिएटरात मुक्कामाला येते आणि आठवड्याला आठ प्रयोग करत, प्रेक्षक येतील तोवर तिथंच राहते. मॅजेस्टिक थिएटरात 'द फॅन्टम ऑफ द ऑपेरा' जानेवारी १९८८मध्ये लागलं आणि १६ एप्रिल २०२३ला उतरलं. पस्तीस वर्षं, १३,९८१ प्रयोग. मग थिएटरची दुरुस्ती झाली आणि २०२४च्या अखेरीस तिथं 'जिप्सी' आलं. घर रिकामं झालं की पुढचा भाडेकरू कोण, याची चर्चा तिथल्या रसिकांना खेळाच्या निकालाइतकी प्रिय. थिएटरं शुबर्ट, नेदरलँडर अशा मोजक्या मालकांच्या हातात असतात. आठवड्याचा गल्ला ठरलेल्या रकमेखाली गेला, तर नाटकाला घर खाली करायला लावण्याचं कलमही करारात असतं.

आपल्याकडे घर रिकामं होत नाही, तारीख रिकामी असते. मराठी नाटक एका नाट्यगृहात राहायला येतच नाही. सकाळी बालनाट्य, दुपारी एक नाटक, रात्री दुसरं. नेपथ्याचा टेम्पो मागच्या दाराला लागतो आणि प्रयोग संपताच तासाभरात पुढच्या गावाला निघतो. निर्माते तारखांच्या वाटपासाठी झगडतात तेही सत्रांसाठी, शनिवार-रविवारच्या दुपार-रात्रीसाठी. ही फिरती पद्धत किर्लोस्करांच्या काळापासूनची आहे. १८८०च्या 'शाकुंतल'नंतर संगीत मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडल्या, म्हणून तर पद्यं खेड्यातल्या माजघरापर्यंत पोचली. पण दौऱ्याचं गणित गद्य नाटकाला जमतं तसं संगीत नाटकाला जमत नाही. चार पात्रांच्या विनोदी नाटकाची मंडळी एका छोट्या बसमध्ये मावते. संगीत नाटकाला ऑर्गन हवा, तबलजी हवा, साथीदार हवेत, गाता येणारा नट हवा आणि त्याच्या गळ्याला दोन प्रयोगांच्या मध्ये विसावा हवा. एका नाईटचा खर्च तिथंच वाढतो. मुंबई जालन्यापासून चारेकशे किलोमीटर. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, ३० डिसेंबर २०२३ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, अंतर तासांत कमी झालं. तरी तिकीटबारीचा भरवसा नसेल तर निर्माता कॉन्ट्रॅक्ट शोशिवाय इकडे वळत नाही.

तरीही जालन्यातली रिकामी तारीख आज कुणाला द्यावी, याचा विचार करून पाहू.

पहिला हक्क बुवांच्या स्वतःच्या नाटकांचा. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य गंधर्व नाटक मंडळीत चाली देत होता. १९३१चं 'कान्होपात्रा' (लेखक ना. वि. कुलकर्णी) त्याच काळातलं. बालगंधर्वांची कान्होपात्रा आणि बुवांच्या चाली हा जोड पुढं दंतकथा झाला. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, तिच्यावर नजर पडलेला बिदरचा बादशहा आणि पंढरपुरी विठ्ठलाच्या पायाशी तिनं ठेवलेला देह. हे कथानक मराठवाड्याला परकं नाही. बिदर पुढं निजामाच्या राज्यात गेलं आणि आम्हीही त्याच राज्यात १७ सप्टेंबर १९४८पर्यंत होतो. नाटकातलं बरंचसं गाणं अभंगाचं, आणि इथं गावागावात भजनी मंडळ आहे. पखवाज, टाळ, एकतारी ऐकत वाढलेल्या कानांना 'कान्होपात्रा' समजावून सांगावं लागणार नाही. अडचण आहे ती गळ्याची. बालगंधर्वांच्या नकलेचा एक ठरीव साचा गेली कित्येक दशकं चालत आला आहे: तेच मुरके, तीच नजर, तोच पदर. त्या साच्यातून काढलेली 'कान्होपात्रा' आदरांजली होते, नाटक होत नाही. ती मुलगी बादशहाला घाबरलेली आहे, हे तिच्या आवाजातून कळलं पाहिजे.

'कुलवधू'चं निराळं. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतननं ते केलं, ज्योत्स्ना भोळ्यांनी गायलं. त्याआधीच्या संगीत नाटकात गाणं नाटकाला गिळत गेलं होतं. वन्समोरवर वन्समोर, रात्र सरून उजाडायची वेळ, आणि गोष्ट कुठं थांबली होती याचा कुणाला पत्ता नाही. 'कुलवधू'त पदं मोजकी झाली, आटोपशीर झाली, घरातल्या बाईच्या तोंडी शोभतील अशी झाली. बायको नटी म्हणून नवऱ्यापेक्षा मोठी होते, हा विषय आजही कुठल्याही घरात दुखरा आहे. ज्या माणसानं गंधर्वांच्या मैफिली गाण्याला चाली दिल्या, त्यानंच दशकभरात ते गाणं संवादाच्या मापाचं केलं. बुवांच्या प्रतिभेचं हे मोठेपण त्यांच्या 'वंदे मातरम्'च्या चालीइतकं बोललं जात नाही. मला विचाराल तर त्या नाट्यगृहात आधी 'कुलवधू' लागावं, 'कान्होपात्रा' नंतर.

'कट्यार काळजात घुसली'चं नाव कुणीतरी काढणारच. १९६७चं दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतरावांचा खाँसाहेब. २०१०मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, पुढं त्याचा चित्रपटही गाजला. मी त्यावर रेंगाळत नाही. ते कुठंही लागलं तरी घर भरतं.

गेल्या दशकात संगीत नाटकानं खरी उसळी घेतली ती 'संगीत देवबाभळी'त. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी लिहून बसवलेलं, आनंद ओकांच्या संगीताचं हे नाटक भद्रकाली प्रॉडक्शननं डिसेंबर २०१७मध्ये व्यावसायिक रंगमंचावर आणलं. पात्रं दोनच. तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई. आवलीच्या पायात काटा मोडतो, तो विठ्ठल काढतो, आणि जखम भरेपर्यंत तिची सेवा कर म्हणून बायकोला पाठवतो. देवाच्या आणि भक्ताच्या संसारातल्या या दोन बायका एकमेकींपाशी मन मोकळं करतात. इथं गाणं बाहेरून चिकटवलेलं नाही. आवली रागावली की ओवी चढते, थकली की मोडते. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोघी स्वतः गात होत्या आणि गाताना काम करत होत्या, दळत होत्या, भांडत होत्या. या नाटकानं एक शंका कायमची मिटवली: दोन पात्रांचं संगीत नाटक दौऱ्याच्या गणितात बसतं. नोव्हेंबर २०२३मध्ये त्याचा निरोपाचा प्रयोग झाला, आणि त्यानंतर त्या तोलाचं दुसरं नाटक आलेलं मला दिसत नाही. मराठी रंगभूमीवर आज रिकामी जागा असेल तर ती हीच.

मुंबईत मार्च २०२३मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दोन हजार आसनांचं भव्य थिएटर उघडलं. तिथं 'द साउंड ऑफ म्युझिक' आलं, पुढं 'फॅन्टम'ही आलं. तांत्रिक सफाई शिकण्यासारखी आहे, आणि आपल्या तंत्रज्ञांनी ती जरूर पाहावी. पण जालन्याच्या तारखेचं उत्तर तिकडून येणार नाही.

ते उत्तर शहरापासून काही तासांच्या आतच आहे, घनसावंगी तालुक्यात. जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव. रामनवमीला तिथं यात्रा भरते. याच गावचे राजकुमार तांगडे शेती करतात आणि नाटक लिहितात. पुण्याचे अतुल पेठे या गावात आले, इथल्याच माणसांना घेऊन त्यांनी मकरंद साठ्यांचं 'दलपतसिंग येती गावा' उभं केलं. माहितीच्या अधिकाराची ती गोष्ट. मग २०१२मध्ये तांगड्यांचं 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं. संकल्पना, गीतं आणि संगीत शाहीर संभाजी भगतांचं. कैलास वाघमारे, संभाजी तांगडे ही जालन्याचीच मंडळी त्यात उभी होती. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचा विचार पृथ्वीवरच राहतो. मग महाराजांचा जिरेटोप कुणाच्या डोक्यावर नीट बसतो हे शोधत यम भीमनगरात हिंडतो. हे नाटक जिल्ह्यातून निघालं आणि मुंबई-पुण्यात गर्दी खेचत राहिलं. बहुतेक नाटकं उलट्या वाटेनं येतात.

त्याला संगीत नाटक म्हणायला जाणकार कचरतात. राग नाही, ताना नाहीत, ऑर्गन नाही. माझी कसोटी साधी आहे: पदं काढून टाकली तर नाटक थांबतं का? 'शिवाजी अंडरग्राऊंड'मध्ये दोन शाहीर समोरासमोर येतात, आणि शिवाजी कुणाचा हा वाद सवाल-जबाबातच लढला जातो. एक बाजू पोवाड्यानं छाती फुगवते, दुसरी त्याच ठेक्यावर तिला खोडून काढते. प्रेक्षक हसता हसता बाजू बदलतो. गाणं काढलं तर वादच उरत नाही. या कसोटीवर कितीतरी नामांकित संगीत नाटकं नापास होतील. त्यांतली पदं गाळून गद्य प्रयोग सहज करता येतो.

आणि या नाटकाचं फुलंब्रीकरांशी नातं आहे. बुवांनी १९५६ साली डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून पाली बुद्धवंदनेला स्वर दिले. गंधर्वांच्या भरजरी रंगभूमीचा हा संगीतकार बाबासाहेबांच्या माणसांच्या प्रार्थनेपर्यंत आला. आंबेडकरी जलशांनी, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी हीच वाट वस्त्यावस्त्यांत रुंद केली, आणि भीमनगरचा शाहीर त्याच वाटेवर उभा आहे. बुवांच्या नावाच्या रंगमंचावर त्याचा डफ वाजणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

कलेची अवस्था म्हणाल तर मला ती अशी दिसते. रागदारीचं संगीत नाटक आज मुख्यतः स्पर्धेत जिवंत आहे. राज्याची वेगळी संगीत नाट्य स्पर्धा होते. रत्नागिरीची 'खल्वायन'सारखी संस्था आणि गोव्याची मंडळी ती निष्ठेनं लढवतात. तिथं घरातच पेटी, तबला आणि गायकी शिकवणारी माणसं आहेत. मराठवाड्यात ती साखळी कधी तशी पक्की झालीच नाही. अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीत समारोहानं शास्त्रीय गाणं इथं रुजवलं, पण ते मैफिलीचं गाणं. नाटकाशी त्याची सोयरीक जुळली नाही. दुसऱ्या बाजूला पैठणच्या एकनाथांचं भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळी, तमाशाचा वग, जलसा ही आमची श्रीमंती. जालना जिल्ह्यातच वाढलेल्या रुस्तुम अचलखांबांनी विद्यापीठात लोकरंगभूमी शिकवली आणि तिच्यावर लिहिलं. म्हणजे अभ्यास झाला, नट घडले, लेखक झाले. उणीव आहे ती संगीतकाराची. भारुडाची चाल जशीच्या तशी उचलून दोन अंक तगत नाहीत. तिसऱ्या पदाला कान कंटाळतो, कारण चाल पात्राबरोबर बदलत नाही. लोकसंगीतावरच्या बहुतेक नव्या नाटकांत मला हा दोष दिसतो, आणि संभळ-हलगीचा आवाज वाढवून तो झाकला जातो. बुवांनी 'कुलवधू'त जे केलं, ओकांनी 'देवबाभळी'त जे केलं, ते करणारा माणूस इथं हवा: घरचीच चाल घेऊन ती प्रसंगागणिक वाकवणारा.

म्हणून माझी मागणी एका नाटकाची नाही, काही तारखांची आहे. एखाद्या भजनी मंडळातला पखवाजवाला, एखादा जलशातला गायक आणि एक शिकलेला संगीतकार यांना लागोपाठ पंधरा दिवस तोच रंगमंच तालमीला मिळावा. स्पर्धेसाठी एक रात्र मिळून हे जमणारं नाही. उजेड, आवाज आणि नटाच्या हालचाली एकमेकांत मुरायला दिवस लागतात. भाडं माफ केलं तर खर्च पेलण्याजोगा आहे.

तारखा कधीच्या, तेही इथल्या माणसांना विचारून ठरवावं लागेल. नट शेतकरी असतील, तर जूनच्या पेरणीपासून दिवाळीपर्यंत आणि कापूस वेचून होईपर्यंत तालीम होणार नाही. रब्बीची ज्वारी निघाली, खळी उरकली, जांबची रामनवमीची यात्रा झाली, की वैशाखात माणसं मोकळी होतात. तेव्हा दिवसा जालन्यात ऊन सोसवत नाही. प्रयोग रात्री साडेनऊचा ठेवावा, आणि मंठा, परतूर, भोकरदनच्या प्रेक्षकांसाठी शेवटच्या पडद्यानंतर निघणारी एसटी.