हौशी गीतकारांचा मेळा : पंढरपूरच्या संतमंडळींच्या प्रेरणांचा विचार

मराठी भक्तिगीतांचा इतिहास सांगताना ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम आणि रामदास ह्या चार नावांपाशी आपण बहुधा थांबतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या पूर्वार्धात नामदेवांच्या (१२७०–१३५०) भोवती पंढरपुरी जमलेली मंडळी मागेच राहते. शिंपी, कुंभार, माळी, सोनार, न्हावी, गावकुसाबाहेरचे महार आणि घरकाम करणारी दासी, अशी ही मंडळी होती. गीतरचना हा त्यांपैकी कोणाचाही उपजीविकेचा धंदा नव्हता. दिवसाचे काम आटोपल्यावर, पुष्कळदा ते करता करताच, त्यांनी आपली गीते रचली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा हौशी गीतकारांचा मेळा होता. आणि ‘हौशी’ हा शब्द आम्ही येथे कमीपणा दाखविण्यासाठी योजलेला नाही. ह्या गीतकारांची प्रेरणा कोठून आली आणि ती त्यांच्या रचनेत कोणत्या रीतीने उतरली, एवढाच प्रश्न आम्हांस येथे तपासावयाचा आहे.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की, त्यांची प्रेरणा भक्ती होती. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कारण भक्ती सर्वांची सारखी असूनही गीते सारखी नाहीत. दुसरे उत्तर असे की, प्रत्येकाने आपल्या व्यवसायातून प्रतिमा घेतल्या. हेही खरे आहे. परंतु ते सांगून टीकाकार थांबला, तर गीताचे मोल ठरविण्याचे त्याचे काम तसेच राहते. व्यवसायाची प्रतिमा गीतात येणे ही एक गोष्ट आणि तिने गीतात काही कार्य करणे ही दुसरी गोष्ट आहे.

प्रथम छंदाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अभंग हा अक्षरसंख्येवर चालणारा छंद आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण येतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. गणवृत्तांचे लघुगुरू येथे मोजावे लागत नाहीत. ज्या ओवीशी अभंगाचे नाते आहे, ती ओवी जात्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडी होतीच. ज्यांस संस्कृत छंदःशास्त्राची दारे बंद होती, त्यांच्या हाती हा छंद आपसूक आला. हौशी रचनाकारास प्रेरणेइतकीच अशा आटोपशीर साच्याचीही गरज असते, हे आपण विसरू नये.

आता गीतांकडे वळू. नरहरी सोनार ह्यांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात देह ही बागेसरी होते, अंतरात्मा हे सोने होते आणि सोनाराची इतर हत्यारे विवेकादी गुणांची नावे घेतात. सेना न्हावी ह्यांच्या अभंगातही आरसा विवेकाचा आहे आणि चिमटा वैराग्याचा. ह्या रचना चतुर आहेत. सेना महाराजांच्या रचनेत तर एक मिस्कील खेळकरपणाही आहे. तथापि त्यांची रीत एकच आहे. अध्यात्माचा कोश आधीच तयार आहे आणि त्यातील एकेक शब्द एकेका हत्यारास बांधला आहे. हत्यारे बदलली, म्हणजे सोनाराच्या जागी सुतार आला, तरी सिद्धान्त तोच राहील. येथे व्यवसायाने गीतास रूप दिले; पण नवा विचार दिला, असे आम्हांस म्हणवत नाही.

अरणच्या सावता माळ्यांच्या मळ्यात गेलो म्हणजे हा फरक ध्यानात येतो. त्यांच्या सर्वपरिचित अभंगात कांदा म्हणजे अमुक गुण आणि मुळा म्हणजे तमुक गुण अशी वाटणी नाही. भाजी ही भाजीच राहते आणि तीच त्यांना विठ्ठल वाटते. सावतोबा पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, अशी कथा परंपरा सांगते. त्या कथेचे बीज ह्या अभंगातच आहे. मळा सोडून देवाकडे जावयाचे नसेल, तर तीर्थ आणि काम ह्यांची आजवर मानलेली वाटणीच मोडते. येथे व्यवसायाने विचारास जन्म दिला आहे.

ह्याच अभंगात एक लहानशी अडचण आहे, आणि ती उद्बोधक आहे. आज गाइल्या जाणाऱ्या पाठात मिरचीचा उल्लेख येतो. मिरची हे अमेरिकेतले पीक. ते भारतात सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आले. सावतोबांचे देहावसान परंपरेने १२९५ साली मानले जाते. अर्थात तो शब्द तरी नंतर शिरला, किंवा संपूर्ण रचनाच उत्तरकालीन आहे. काही अभ्यासकांस ह्यामुळे अभंगाची प्रतिष्ठा कमी झाल्यासारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कोणा गाणाऱ्याने आपल्या परसातील भाजी त्या मळ्यात लावली असेल, तर त्याने मूळ गीताचा आशय बरोबर ओळखला होता, असेच म्हणावे लागते. मेळ्याच्या गीतात कर्ता एकटा नसतो. गाणाराही त्यात थोडा कर्ता होतो. मेळ्यातील परीक्षाही अशीच परस्परांत होत असे. गोरोबा काकांनी थापटीने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांस कच्चे मडके ठरविले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. मेळ्यात सर्वांत नावाजलेल्या गीतकाराचा परीक्षक एक कुंभार होता, हे परंपरेने आवर्जून जपून ठेवले.

जनाबाईंची गोष्ट आणखी पुढची आहे. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी कामास राहिली आणि दळण, कांडण, झाडलोट ह्यांत तिचे आयुष्य गेले. तिच्या अभंगांत देव तिच्या जात्याला हात लावतो, तिच्याबरोबर गोवऱ्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. ह्यास भोळी भक्ती म्हणून कौतुकाने बाजूस ठेवण्याची रूढी आहे. वस्तुतः दासीचे काम कोणीतरी वाटून घ्यावे, ही अत्यंत खरी गरज तेथे बोलते आहे. ज्या घरात सर्वांची सेवा जनी करते, त्या घरात जनीची सेवा करणारा एकच आहे, आणि तो देव आहे. ख्रिस्ती वाचकास येथे शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण त्या साम्यावर आम्ही अधिक भार देत नाही. जनाबाईंचे गीत स्वतःच्या बळावर उभे आहे. त्यांची नाममुद्राही पाहावी. ‘नामयाची दासी’ म्हणून त्या सही करतात. गीतात देव चाकर झाला, तरी सहीत दास्य तसेच राहिले. हा विसंवाद त्यांनी लपविला नाही, हे त्यांचे थोरपण होय.

मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घराकडे आम्ही मुद्दाम शेवटी येत आहोत. चोखोबा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि तिचा पती बंका, अशा एका कुटुंबातील पाच जणांच्या नावावर अभंग आहेत. ह्यांस रूपकासाठी हत्यार नव्हते. होता तो मनाईचा अनुभव. एका अभंगात चोखोबा आपला जन्म पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ मानतात, तर दुसऱ्यात वाकड्या उसातील गोडीचा दृष्टान्त देऊन बाह्य रूपावर भुलणाऱ्यास थांबवितात. वाचकास दुसरा अभंग आवडतो आणि पहिला अडचणीचा वाटतो. परंतु दोन्ही एकाच माणसाचे आहेत, आणि ज्यास ही अडचण दिसत नाही, त्यास चोखोबा कळले असे म्हणता येणार नाही. सोयराबाई पतीच्या पुढे जातात. विटाळ देहाचा असेल, तर विटाळावाचून जन्मलेला देह कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न बाळंतपण जाणणाऱ्या स्त्रीचा आहे, आणि तर्कशास्त्रातील कोणत्याही प्रमाणाइतका तो बिनतोड आहे. मुलगा कर्ममेळा तर देवासच जाब विचारतो : आम्हांस हीन जातीत घातलेस, उष्ट्यावर आयुष्य गेले, तुला ह्याची लाज कशी वाटत नाही? एका छपराखाली बापाची समजूत, आईचा प्रश्न आणि मुलाचा संताप अशा तीन भूमिका नांदल्या, आणि मेळ्याने तिन्ही जपल्या. स्तोत्रसंहितेतील विलापगीते ज्यांनी वाचली आहेत, त्यांस देवाशी असे भांडण हेही प्रार्थनेचेच रूप आहे, हे निराळे सांगावयास नको.

परंतु जपल्या म्हणजे ऐकल्या, असे मात्र नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून चोखोबा दगावले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपुरी महाद्वारापाशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. त्यांचे अभंग आत गाइले गेले. त्यांचे जातबांधव बाहेर राहिले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले झाले, ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे गीत आत जाऊन माणूस आत जाईपर्यंत सहाशे वर्षे लोटली. इतकी शतके जे गीत तोंडपाठ होते, ते कानांनी ऐकले गेले नाही, असाच ह्याचा अर्थ करावा लागतो. आणि हा दोष एकट्या पंढरपुराचा नव्हे. गोव्यात चर्चमधील कोंफ्रारियांचे मान जातींप्रमाणे वाटले गेले होते, आणि त्या वेळीही त्याच वेदींपुढे नम्रतेची स्तोत्रे गाइली जातच होती.

आज बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत आमच्या मंडळ्यांत उपासनेसाठी गीते लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांत शिक्षक, परिचारिका, कारकून, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार असे लोक दिसतात. त्यांच्या वह्या आमच्या हाती येतात, तेव्हा आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासतो, चाल कोठून घेतली हे विचारतो. ते करावे, पण मागील विवेचनावरून आधी विचारण्याचा प्रश्न निराळा ठरतो. ह्या गीतात मेंढपाळ, कोकरू आणि वादळातील तारू ह्यांखेरीज लिहिणाराच्या स्वतःच्या दिवसातील काही आहे काय? परिचारिकेच्या गीतात रात्रपाळी आहे काय? आमोस संदेष्टा गुराखी होता व उंबराच्या झाडांची निगा राखीत असे, आणि त्याच्या वाणीत गाड्यांची, चाळणीची व पिकलेल्या फळांच्या टोपलीची भाषा आली. ती सुधारून घेण्याचा आग्रह कोणी धरला असता, तर आपला एक संदेष्टा कमी झाला असता. वहीत एखादे वेळी कर्ममेळ्यासारखा अवघड सवालही सापडेल. तो खोडून गीत उपासनेस योग्य करण्याचा मोह आम्हां पाळकांस होतो. तेथे लेखणी थांबवावी आणि तो सवाल मंडळीपुढे तसाच गाइला जाऊ द्यावा, असे आमचे मत आहे.