आपणहून गळणारे प्रक्षिप्त

इंटीनविषयी जे काही सोपे करून सांगितले जाते, त्यात कात्री आणि गोंद ह्या दोन वस्तू ठरलेल्या असतात. इंटीन म्हणजे प्रथिनाच्या साखळीत मध्येच असलेला असा तुकडा, की जो स्वतःला तोडून बाहेर पडतो आणि जाता जाता आपल्या दोन्ही बाजूंची टोके एकमेकांस जोडून देतो. आता कात्री म्हटली की ती चालविणारा हात आला. कापड वेगळे, कात्री वेगळी, शिंपी वेगळा. येथे तर तिन्ही एकच! माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, शिकवितो मराठी. तेव्हा रसायनाविषयी निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. परंतु उपमा पारखणे हा माझा धंदाच आहे.

भिवंडीत राहणाऱ्याला प्रथम सुचतो तो यंत्रमाग. तुटलेला धागा कामगार बोटांनी क्षणात जोडतो. पण गाठ राहते, आणि कापडावरून हात फिरविणाऱ्याला ती लागते. इंटीन गेल्यावर गाठ राहत नाही. साखळीत इतरत्र असतो तसलाच बंध तेथे तयार होतो. म्हणून हीही उपमा मी सोडली.

मला पटते ती प्रक्षिप्ताची. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ नाथांनी शके १५०६ मध्ये पोथ्या ताडून दूर केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत विद्वान खपले. प्रक्षिप्त काढायला असा संपादक लागतो. इंटीन हे मात्र असे प्रक्षिप्त, की जे पोथी लिहून होताच आपणहून गळते आणि मागची-पुढची ओळ नीट जुळवून जाते. १९९० मध्ये जपानात व अमेरिकेत यीस्टच्या एका प्रथिनात हे प्रथम ध्यानी आले: १०७१ दुव्यांच्या साखळीतून मधले ४५४ गळाले आणि ६१७ दुव्यांचे कामाचे प्रथिन उरले. इंटीन हे नाव पडले ते पुढे १९९४ साली.

ह्या गळण्याचा माणसाने करून घेतलेला उपयोग मोठा चतुराईचा आहे. हवे ते प्रथिन जिवाणूंकडून करवून घेतले, तरी त्यांच्या इतर प्रथिनांच्या गर्दीतून ते निवडायचे कसे? १९९७ साली पुढे आलेली युक्ती अशी: आपल्या प्रथिनाच्या शेवटी इंटीन जोडावा, आणि इंटीनला कायटिन धरून ठेवणारी पकड. कायटिन म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या कवचातले द्रव्य. जिवाणू फोडून त्यांचा रस कायटिनच्या मण्यांच्या नळीतून सोडला, की गर्दी वाहून जाते, आपले प्रथिन अडकून राहते. इंटीनमध्ये आधीच असा बदल केलेला असतो, की त्याने तोडावे पण जोडू नये. मग गंधकाचे एक द्रव्य घालून थंडीत रात्रभर ठेवावे. इंटीन नळीत राहतो, प्रथिन सुटून खाली येते. पुढच्याच वर्षी अशा टोकाला प्रयोगशाळेत घडविलेला छोटा तुकडा जोडण्याची रीत निघाली. रसायनाने एकेक दुवा ओवीत जाणे पन्नासेक दुव्यांपुढे बिकट होते. म्हणून लांब भाग जिवाणूंचा आणि खुणेचा छोटा भाग माणसाच्या हातचा.

येथे मात्र माझीही उपमा लंगडते. ह्या जोडकामात सांध्यावर बहुधा सिस्टीन नावाचा दुवा लागतो. मुळात तो तेथे नसेल, तर संहितेचे एक अक्षर बदललेच! शिवाय काही वेळा इंटीन जिवाणूच्या पोटातच घाईने तुटतो आणि प्रथिन पकडीवाचून वाहून जाते. ‘मागे काहीही न ठेवता’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ह्याचे मला अधिक वाईट वाटते. क्षयाच्या जंतूच्या तीन प्रथिनांत इंटीन आहेत. त्यांपैकी दोन प्रथिनांवाचून तो जंतू जगत नाही, आणि इंटीन निघाल्याशिवाय ती कामाला लागत नाहीत. त्या इंटीनला आतच रोखणारे द्रव्य शोधण्याचे प्रयत्न होत आहेत. औषध अजून हाती आलेले नाही. ज्याच्या घरात क्षयाच्या गोळ्यांचे पाकीट फळीवर असते, असा मुलगा आमच्या गावच्या कुठल्याही वर्गात सापडेल. त्याला कात्री सांगितली, तर ती कोणाच्या हातात आहे असे तो विचारील. प्रक्षिप्त म्हटले, तर विचारील, “गुरुजी, ते गळूच दिले नाही तर?” प्रयोगशाळेतही तोच प्रश्न आहे.